जुना नकाशा वाचायला शिकूया : शकुंतलेची लाईन आणि आपलं शिवार

मैत्रिणींनो, या वेळचा पाठ हिशेबाचा नाही आणि कर्जाचाही नाही. या वेळी आपण नकाशा वाचायला शिकणार आहोत, आणि तोही जुना.

नकाशाचं आपल्याला काय काम, असं वाटेल. पण गावातल्या गोष्टी आठवून बघा. पांदण कोणीतरी नांगरून वावरात घेतली. नाल्याच्या पात्रात प्लॉट पडले. ढोरं चरायची ती ई-क्लासची जागा दरवर्षी थोडी थोडी कमी झाली. ग्रामसभेत एखादी ताई उठून सांगते, "इथून आमच्या सासूबाई पाण्याला जायच्या, ही वाट जुनी आहे." समोरून प्रश्न येतो, "पुरावा काय?" आणि ताई खाली बसते.

जुना नकाशा अशा वेळी कामाला येतो. तो आपल्या बाजूने भांडत नाही, पण आपल्या आठवणीला आधार देतो. म्हणून तो वाचता आला पाहिजे. दहावी-बारावी झालेलीलाच जमेल असं त्यात काही नाही. रांगोळीचे ठिपके मोजता येतात तिला नकाशाही वाचता येतो.

उदाहरणासाठी आपण दारव्हा आणि शकुंतलेची लाईन घेऊ. यवतमाळ जिल्ह्यात शकुंतला माहीत नाही अशी बाई सापडणं कठीण.

आधी थोडा इतिहास

कोणताही जुना नकाशा कोणीतरी, कशासाठी तरी काढलेला असतो. ते कळलं की त्यात काय सापडेल आणि काय सापडणार नाही, याचा अंदाज येतो.

आपल्या देशाचे नकाशे काढणारं सरकारी खातं म्हणजे सर्व्हे ऑफ इंडिया. ते १७६७ साली सुरू झालं. आज त्याचं मुख्य कार्यालय डेहराडूनला आहे. १८०२ साली विल्यम लॅम्ब्टन या इंग्रज अधिकाऱ्याने मद्रासपासून देशाची मोजणी सुरू केली. एका टेकडीवरून दुसरी टेकडी दुर्बिणीने बघायची, कोन मोजायचा, त्रिकोण जोडत जोडत उत्तरेकडे सरकायचं, अशी ती पद्धत. कन्याकुमारीपासून हिमालयाच्या पायथ्यापर्यंत गेलेली त्या मोजणीची मुख्य रांग साधारण ७८ अंश रेखांशाच्या आसपासची. हीच ७८ अंशाची रेघ आपल्या दारव्हा आणि यवतमाळच्या मधून जाते. लॅम्ब्टन १८२३ साली हैदराबादहून नागपूरकडे जाताना हिंगणघाटला वारला. त्याची कबर तिथेच आहे, म्हणजे आपल्या शेजारच्या वर्धा जिल्ह्यात.

इंग्रजांना हे नकाशे सैन्य हलवायला, सारा वसूल करायला आणि रस्ते-रेल्वे आखायला हवे होते. वऱ्हाड १८५३ साली त्यांच्या कारभाराखाली आलं. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झालं, तिथला कापूस इंग्लंडला मिळेना, आणि वऱ्हाडच्या कापसाला एकदम मागणी आली. मुंबई-नागपूर रेल्वे १८६७ साली नागपूरला पोचली. ती अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा अशी गेली. यवतमाळ, दारव्हा, कारंजा बाजूला राहिले. इथला कापूस बंडीने मुख्य लाईनपर्यंत न्यावा लागायचा.

म्हणून विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत मूर्तिजापूरहून यवतमाळपर्यंत छोटी लाईन आली. किलिक निक्सन या ब्रिटिश कंपनीचा तो कारभार. मूर्तिजापूर, कारंजा, दारव्हा मोतीबाग, लाडखेड, यवतमाळ अशी ती ११३ किलोमीटरची वाट. मूर्तिजापूरहूनच दुसरी एक शाखा अचलपूरला गेली, ती ७६ किलोमीटरची. रुळांमधलं अंतर फक्त ७६२ मिलिमीटर, म्हणजे अडीच फूट. मोठ्या लाईनचं अंतर १६७६ मिलिमीटर असतं, म्हणजे दुपटीहून जास्त. स्वातंत्र्यानंतर देशातल्या बहुतेक रेल्वे सरकारकडे आल्या, ही मात्र कंपनीच्या मालकीची राहिली. १९९४ साली वाफेचं इंजिन गेलं आणि डिझेलचं आलं. आता ती गाडी बंद आहे. पण नकाशावर ती काळी रेघ अजून आहे, आणि ती रेघ धरून आपल्याला बरंच काही शिकता येतं.

पहिली पायरी : नकाशाचं वय ओळखा

नकाशा हातात आला की आधी त्याचा कोपरा वाचायचा. तिथे दोन वर्षं असतात : एक मोजणीचं, एक छपाईचं. कामाचं वर्ष मोजणीचं. छपाई मागाहून झाली असली, तरी जमीन मोजणीच्या वर्षी जशी होती तशीच नकाशात दिसते. म्हणून एखाद्या नकाशात लाईन दिसली नाही तर "चुकीचा आहे" म्हणून बाजूला टाकू नका. मोजणी झाली तेव्हा लाईन आलीच नसेल.

नावांवरूनही वय कळतं. आपला जिल्हा १८६४ साली वेगळा झाला. यवतमाळ, दारव्हा, केळापूर आणि वणी असे त्यात तालुके होते. पुढे तो वणी जिल्हा म्हणून ओळखला जाई, आणि इंग्रजी स्पेलिंगमुळे तेच नाव जुन्या कागदांत "वून" असं वाचलं जातं. १९०५ साली वऱ्हाडच्या जिल्ह्यांची फेरमांडणी झाली, पुसद तालुका इकडे जोडला आणि जिल्ह्याला यवतमाळचं नाव मिळालं. म्हणजे नकाशावर "वून जिल्हा" असं असेल तर तो १९०५ च्या आधीच्या मांडणीचा. यवतमाळचं स्पेलिंग "येओटमल" सारखं दिसतं, अचलपूरचं "इलिचपूर". आपल्या गावाचं नाव नकाशात पटकन सापडलं नाही तर मोठ्याने वाचून बघा. साहेबाच्या कानाला जे ऐकू आलं, ते त्याने लिहिलं.

धरणंही वय सांगतात. अरुणावती, बेंबळा, पूस ही धरणं स्वातंत्र्यानंतरची. त्याआधीच्या नकाशात तिथे तलाव दिसणार नाही, नदीची बारीक रेघ आणि काठची गावं दिसतील. बुडितात गेलेल्या गावातून आलेल्या कितीतरी सासू-आज्या आपल्या गटांमध्ये आहेत. त्यांचं मूळ गाव दाखवणारा कागद म्हणजे असा नकाशा.

दुसरी पायरी : आपला नकाशा कोणता ते शोधा

सर्व्हे ऑफ इंडियाने देशाचे मोठे चौकोन पाडले आणि त्यांना आकडे दिले. प्रत्येक चौकोन ४ अंश लांब आणि ४ अंश रुंद. आपल्या जिल्ह्याचा वरचा भाग ५५ नंबरच्या चौकोनात येतो, खालचा ५६ मध्ये. २० अंश अक्षांशाची रेघ हे दोन चौकोन वेगळे करते.

या मोठ्या चौकोनाचे १६ भाग केले आणि त्यांना इंग्रजी अक्षरं दिली. दारव्हा ५५ एच मध्ये येतं, यवतमाळ आणि वणी ५५ एल मध्ये, पुसद आणि उमरखेड ५६ ई मध्ये. त्या प्रत्येकाचे पुन्हा १६ भाग, त्यांना १ ते १६ आकडे. यवतमाळ शहर ५५ एल/३ या नकाशात आहे. असा एक नकाशा साधारण २७ किलोमीटर लांब आणि २६ किलोमीटर रुंद जागा दाखवतो. एका प्रभागातली बरीच गावं त्यात बसतात.

हे नंबर पाठ करायची गरज नाही. पण "आमच्या गावाचा नकाशा द्या" म्हणण्याऐवजी नंबर सांगून मागितला तर काम लवकर होतं.

नवीन नकाशे सर्व्हे ऑफ इंडियाच्या संकेतस्थळावर नोंदणी करून मिळतात. जुन्यांपैकी १९५० च्या दशकातले, अमेरिकेच्या सैन्याने छापलेले भारताचे नकाशे टेक्सास विद्यापीठाच्या ग्रंथालयाने इंटरनेटवर सगळ्यांसाठी मोफत ठेवले आहेत. आपला नकाशा साता समुद्रापार सापडतो, ही गंमतच. कॉलेजात जाणारी मुलगी घरात असेल तर तिला शोधायला सांगा आणि एक मोठी प्रत छापून घ्या. मोबाईलच्या पडद्यावर गट मिळून नकाशा वाचता येत नाही.

तिसरी पायरी : माप समजून घ्या

नकाशावर १:५०,००० असं लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ, नकाशावरचा १ सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचे ५०,००० सेंटिमीटर, म्हणजे अर्धा किलोमीटर. दोन सेंटिमीटरला एक किलोमीटर, एवढं लक्षात ठेवा. त्याहून जुन्या नकाशांत एक इंच म्हणजे एक मैल असं माप असे. टेक्सासच्या ग्रंथालयातले नकाशे १:२,५०,००० चे आहेत. त्यात १ सेंटिमीटरला अडीच किलोमीटर.

शकुंतलेची ११३ किलोमीटरची लाईन १:५०,००० च्या नकाशांवर मोजली तर सव्वादोन मीटर भरते. म्हणजे घराच्या दारापेक्षाही लांब, एका कागदावर न मावणारी. तीच १:२,५०,००० वर ४५ सेंटिमीटर होते.

वाकडी वाट मोजायला फूटपट्टी चालत नाही. शिवणकामाचा दोरा घ्या. दारव्ह्यापासून यवतमाळपर्यंत आधी सरळ ताणून धरा. १:२,५०,००० वर तो सुमारे १५ सेंटिमीटर भरेल, म्हणजे ३८ किलोमीटरच्या आसपास. आता तोच दोरा रुळाच्या रेघेवरून, प्रत्येक वळणाला दाबत दाबत न्या. दोरा जास्त लागेल. तो जास्तीचा दोरा कुठे गेला, हे पुढच्या पायरीत कळेल.

चौथी पायरी : चढ-उतार वाचा

नकाशावर तपकिरी रंगाच्या वाकड्यातिकड्या रेघा असतात. त्यांना समोच्च रेषा म्हणतात. एका रेघेवरच्या सगळ्या जागा समुद्रापासून सारख्याच उंचीवर असतात. वाचून हे डोक्यात बसत नाही. करून बघितलं की लगेच बसतं.

परात घ्या. मधोमध कणकेचा मोठा गोळा ठेवा, एका अंगाने उभा, दुसऱ्या अंगाने पसरट. आता परातीत एक बोट पाणी ओता आणि पाणी जिथे गोळ्याला टेकतं तिथे काडीने सभोवार रेघ ओढा. आणखी एक बोट पाणी, आणखी एक रेघ. असं तीन-चारदा करा. मग पाणी काढून टाका आणि गोळ्याकडे वरून, नाकाच्या सरळ रेषेत बघा. उभ्या अंगाला रेघा एकमेकींना चिकटलेल्या दिसतील, पसरट अंगाला लांब लांब.

नकाशातही तेच. रेघा दाट तिथे उभा चढ, विरळ तिथे सपाट वावर. आपण बोटाने पाणी मोजलं, १:५०,००० च्या नकाशात साधारण २०-२० मीटरला एक रेघ असते. रेल्वे स्टेशनच्या पिवळ्या पाटीवर गावाच्या नावाखाली "समुद्रसपाटीपासून उंची" लिहिलेली असते, ती हीच उंची. यवतमाळ शहर पठारावर आहे, सुमारे ४४५ मीटरवर.

आता दोऱ्याकडे परत या. रेल्वेला बैलासारखा चढ चढता येत नाही. म्हणून लाईन टाकणारे दाट रेघांना आडवं जायचं टाळतात आणि जिथे उतार सौम्य आहे तिथून वळसा घेतात. तुमचा जास्तीचा दोरा त्या वळशांत गेला.

एक खूण आपल्या शेतीच्या दृष्टीने फार महत्त्वाची. काही ठिकाणी या तपकिरी रेघा पाखराच्या चोचीसारख्या टोकदार वळतात. चोचीचं टोक उंच अंगाकडे असेल तर तिथे नाला आहे असं समजा, मग पाण्याची रेघ काढलेली असो वा नसो. पाऊस पडला की पाणी तिथूनच येणार. नाला बुजवून वर प्लॉट पाडले तरी जमिनीचा उतार बदलत नाही. ज्या घरात दर पावसाळ्यात पाणी शिरतं, ते घर जुन्या नकाशावर कुठे येतं ते बघा.

पाचवी पायरी : रंग आणि खुणा

सर्व्हे ऑफ इंडियाच्या रंगीत नकाशात निळा रंग पाण्याचा, हिरवा जंगलाचा, पिवळा पेरणीच्या जमिनीचा, लाल रस्त्यांचा आणि वस्तीचा, काळा रेल्वेचा, हद्दींचा आणि नावांचा. एक गोष्ट नीट लक्षात ठेवा : बारमाही पाणी निळं दाखवतात, आणि पावसाळ्यानंतर कोरडा पडणारा नाला काळ्या रेघेने. जुन्या नकाशात नाला निळा असेल आणि नव्यात काळा, तर मधल्या काळात पाणी आटलं, हे सांगायला कोणा तज्ज्ञाची गरज नाही.

तुटक रेघ म्हणजे पायवाट किंवा बंडीची वाट. जंगलाच्या हद्दीत इंग्रजी "आर.एफ." असेल तर राखीव जंगल. "पी.ओ." म्हणजे पोस्ट, "पी.एस." म्हणजे पोलीस ठाणं. उजाड झालेल्या गावालाही वेगळी खूण असते. आपल्याकडे सातबाऱ्यावर अशा गावाला "रिठ" म्हणतात. ज्या मौजात आता एकही घर नाही, तिथे कधी वस्ती होती याची ती खूण.

सगळ्या खुणांचा तक्ता नकाशाच्या खालच्या बाजूला छापलेला असतो. एकीने तक्ता वाचायचा, दुसरीने नकाशात बोट ठेवायचं. असं केलं तर अर्ध्या तासात सगळ्यांना येतं.

नकाशात काय नाही?

आता या पाठातली मुख्य गोष्ट. दारव्ह्याच्या जुन्या नकाशात स्टेशन आहे, पोस्ट आहे, ठाणं आहे, रस्ता आहे. साहेबाला ज्याची गरज होती ते सगळं आहे. पण बाया कपडे धुवायच्या तो धोंडा नाही. मोहाची झाडं कोणत्या धुऱ्यावर होती ते नाही. तेंदूपाना-सरपणाची वाट नाही. मे महिन्यातसुद्धा कोणत्या झिऱ्याला पाणी असायचं ते नाही. म्हणजे ज्या जागांवर आपल्या आज्यांचा दिवस जायचा, त्यांतल्या बहुतेक नकाशाबाहेर राहिल्या.

याचा परिणाम आजही होतो. नवा रस्ता, नवा कालवा, नवी लाईन आखली जाते तेव्हा आखणारा कागद बघतो. कागदावर नसलेली वाट त्याच्यासाठी नसतेच.

आपल्या जिल्ह्यात हे काम आत्ता चालू आहे. वर्धा-यवतमाळ-नांदेड ही मोठी लाईन येत आहे. तिचा वर्धा-कळंब हा टप्पा २८ फेब्रुवारी २०२४ रोजी यवतमाळच्या कार्यक्रमात सुरू झाला. त्या कार्यक्रमाला बचत गटांच्या बाया मोठ्या संख्येने होत्या, हे तुम्हाला आठवत असेलच. लाईन हवीच. दवाखाना, कॉलेज, बाजार जवळ येतो. पण लाईनचा भराव उभा राहिला की त्याच्या दोन बाजू होतात : घर एकीकडे, वावर दुसरीकडे. पाण्याला मोरी कुठे ठेवायची, ढोरांना आणि बंडीला खालून वाट कुठे द्यायची, हे काम होण्याआधी बोललं तर ऐकलं जातं. त्यासाठी "आमची वाट इथून आहे" हे नकाशावर बोट ठेवून सांगता यायला हवं.

म्हणून जुना नकाशा वाचून थांबायचं नाही. त्यात जे नाही ते आपण भरायचं.

गटाच्या बैठकीत करून बघा

दीड-दोन तास पुरतात. लागतं ते एवढंच : जुन्या नकाशाची मोठी प्रत, गाव नकाशाची प्रत, पारदर्शक प्लास्टिकचा कागद, तीन रंगांचे पेन, दोरा.

१. गाव नकाशा भूमी अभिलेखच्या तालुका कार्यालयातून घ्या. सरकारच्या महाभूनकाशा संकेतस्थळावरही गट नंबरसह दिसतो. यात हद्दी, पांदणी आणि नाले बारकाईने असतात, पण चढ-उतार नसतो. जुन्या टोपो नकाशात चढ-उतार असतो, गट नंबर नसतात. म्हणून दोन्ही शेजारी शेजारी ठेवायचे.

२. दोन्हींत सापडतील अशा तीन पक्क्या खुणा शोधा. मंदिर, नदीचं वळण, रेल्वेची लाईन. तिथून दिशा जुळवा.

३. गटातल्या सगळ्यांत वयस्कर बाईला मधे बसवा. तिने बोलायचं, लिहिता येणारीने प्लास्टिकवर काढायचं. निळ्या पेनने पाण्याच्या जागा, हिरव्याने झाडं आणि चराईच्या जागा, लालने वाटा. लिहिणारीने आपल्या मनाचं घालायचं नाही.

४. दुसऱ्या दिवशी शिवारफेरी करा. कागदावर काढलेली प्रत्येक जागा पायी जाऊन बघा. आहे, बुजली, की अडवली? प्रत्येकीसमोर खूण करा.

५. तारीख घाला, हजर असलेल्या सगळ्यांच्या सह्या-अंगठे घ्या. ठराव गटाच्या रजिस्टरमध्ये लिहा आणि एक प्रत ग्रामसंघाला द्या.

मग हा कागद कुठे वापरायचा?

ग्रामसभेत. आपल्या ग्रामपंचायत कायद्यानुसार ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यायची असते. नकाशा आधी तिथे मांडा, ठराव घ्या, मग ग्रामसभेत न्या. ग्रामसंघ दरवर्षी व्हीपीआरपी करतो आणि तो गावाच्या विकास आराखड्यात जातो. नाला खोलीकरण, पांदण, गुरांचं पाणी यांची मागणी त्यात घालताना नकाशाची प्रत जोडा.

पांदण अडवली असेल तर तहसीलदाराकडे. मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ प्रमाणे वहिवाटीची वाट किंवा पाण्याचा प्रवाह अडवला तर तो मोकळा करून मागता येतो. पण अडवल्यापासून ६ महिन्यांच्या आत अर्ज करावा लागतो. "बघू, दिवाळीनंतर" करण्यात ही मुदत निघून जाते. शेताच्या धुऱ्यावरून वाट हवी असेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ चं कलम १४३ आहे.

निस्तार हक्कासाठी. चराई, सरपण, पाणी, स्मशान, रस्ता अशा गावाच्या सामाईक वापराच्या नोंदी निस्तार पत्रकात असतात. त्याच संहितेच्या कलम १६१ मध्ये ते येतं. आपल्या गावाचं निस्तार पत्रक मागा आणि आपण काढलेल्या जागा त्यात आहेत का ते ताडून बघा.

वनहक्कासाठी. झरी जामणी, केळापूर, घाटंजी, मारेगाव भागातल्या आपल्या कोलाम आणि गोंड मैत्रिणींनी हे नीट वाचा. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या नियम १३ मध्ये पुरावे कोणते चालतील याची यादी आहे. त्यात गॅझेटियर, जनगणना, मोजणी आणि जमाबंदीचे अहवाल, नकाशे असे सरकारी कागद स्पष्ट लिहिले आहेत. गावातल्या वयस्कर माणसांचा लेखी जबाबही त्याच यादीत आहे. म्हणजे जुना नकाशा आणि आजीचा जबाब, दोन्ही पुरावे. दोन्ही एकत्र जोडा.

दोन गोष्टींची खबरदारी

एक, टोपो नकाशा मालकीचा पुरावा नाही. कोणाचं वावर कुठपर्यंत, हा वाद सातबारा, गट नकाशा आणि शासकीय मोजणीनेच सुटतो. टोपो नकाशा घेऊन शेजारणीच्या धुऱ्यावर भांडायला जाऊ नका.

दोन, नकाशात वाट दिसली म्हणजे हक्क सिद्ध झाला असं होत नाही, आणि दिसली नाही म्हणजे वाट नव्हती असंही नाही. मोजणीदाराने मोठ्या वाटा घेतल्या, लहान सोडल्या. म्हणूनच एकटा नकाशा पुढे करायचा नाही. नकाशा, गाव नकाशा, जुन्या बायांचा जबाब आणि शिवारफेरीची नोंद असा चौघांचा संच करायचा.

चर्चेसाठी प्रश्न

१. तुमच्या माहेरचं किंवा सासरचं कोणतं गाव आज धरणाखाली किंवा रिठ आहे? त्याचं नाव जुन्या नकाशात कसं लिहिलं आहे?

२. गावातला कोणता नाला निळ्याचा काळा झाला? का झाला असेल?

३. शकुंतला सुरू होती तेव्हा स्टेशनकडे जाणाऱ्या कोणत्या वाटा होत्या? त्या आता कोणाच्या ताब्यात आहेत?

४. तुमच्या गावातून नवी लाईन, रस्ता किंवा कालवा जाणार असेल, तर कोणत्या तीन वाटा कापल्या जाऊ नयेत?

पुढच्या महिन्याच्या बैठकीच्या विषयपत्रिकेत "गावाचा नकाशा" हा एक विषय आजच लिहून ठेवा. आणि गटात सत्तरीच्या पुढच्या ज्या आजी आहेत त्यांना त्या दिवशी आवर्जून घेऊन या, कोणीतरी गाडीवर बसवून आणा. त्यांना माहीत असलेल्या वाटा दुसऱ्या कुठल्याच कागदावर नाहीत.